पेट्रोल आरसी कार आयडलला तडफडते तेव्हा: सुयांना हात लावण्याआधी

मैदानावर फुल थ्रॉटलला रिमोटवर चालणारी ही पेट्रोल गाडी सुसाट पळते. आवाज एकसारखा, पिकअप कडक. थांबवून जवळ घेतली की आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, तेच इंजिन वेगळं वागायला लागतं. रेस आपोआप चढते, उतरते, मध्येच मिसिंग मारते, दोन सेकंद बरी चालते आणि फट् करून बंद पडते. पुन्हा दोरी ओढायची, पुन्हा तेच. अशा वेळी आपला हात आधी कार्बोरेटरच्या सुयांकडे, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूंकडे जातो. एक सुई पाव फेरा इकडे, दुसरी तिकडे, थोडा वेळ बरं वाटतं आणि अर्ध्या तासात मूळ दुखणं परत येतं.

मी हे कित्येक महिने केलं आहे. माझ्या गाडीच्या इंजिनाला कुठून तरी चोरून हवा मिळत होती आणि मी ते सुई उघडून झाकत होतो. शेवटी एका उन्हाळी दुपारी लांब सरळ पट्ट्यात इंजिन जाम झालं. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून आत टॉर्च मारला तर पिस्टनवर उभ्या रेघा पडलेल्या, नखाने ओरबाडल्यासारख्या. त्या रेघा पाहिल्यापासून माझा एक क्रम ठरला आहे आणि तो मी मोडत नाही: सुया सगळ्यात शेवटी.

हा लेख स्पार्क प्लगच्या, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांबद्दल आहे. म्हणजे एक-पंचमांश मापाच्या गाड्यांत बसणारी साधारण २३ ते ३२ सीसीची इंजिनं. जपानी झेनोआची जी२३० आरसी ही २२.५ सीसीची आणि जी२६० आरसी ही २५.४ सीसीची, याच धर्तीवर बनलेली इतरही भरपूर आहेत. त्यांच्यावर बहुतेक वेळा वॉलब्रोचा डायफ्राम कार्बोरेटर (लवचिक पडद्याने पेट्रोल सांभाळणारा) असतो, डब्ल्यूटी-६६८ किंवा त्याचा भाऊबंद. ग्लो प्लगवर चालणाऱ्या नायट्रो गाड्यांचं तंत्र निराळं, ते इथे लावू नका.

आयडललाच का बिघडतं

फुल थ्रॉटलला कार्बोरेटरचा बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघड-मीट करणारी चकती, पूर्ण उघडा असतो आणि हवा ढिगाने आत जाते. पॅकिंगच्या बारीक चिरेतून अजून थोडी शिरली तरी त्या ढिगापुढे ती नगण्य. आयडलला मात्र बटरफ्लाय जवळजवळ मिटलेला असतो. आत जाते ती एका फटीतून झिरपणारी हवा, आणि पेट्रोल येतं सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून. तिथे चिरेतली हवा मोठा वाटा खाते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि रेस झोके घ्यायला लागते.

म्हणून आयडलचं तडफडणं ही इंजिनाने दिलेली पहिली सूचना आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. आज आयडलला जी चीर त्रास देते ती उद्या वाढते आणि वेगात असताना पिस्टन खाते.

आधी ऐका

काही करण्याआधी गाडी स्टँडवर ठेवा, चारही चाकं जमिनीपासून उचललेली. मोकळ्या हवेत, कारण बंद खोलीत या इंजिनाचा धूर जीवघेणा ठरतो. इंजिन पाच मिनिटं चालवून नीट तापू द्या. थंड इंजिनाच्या आयडलवरून काढलेला निष्कर्ष चुकतो. मग ऐका.

थ्रॉटल सोडल्यावर रेस वरच अडकून राहते आणि तीन-चार सेकंदांनी हळूहळू खाली येते: मिश्रण पातळ आहे, किंवा कुठून तरी हवा घेतंय. रेस पटकन खाली येते, नेहमीपेक्षाही खाली जाते, घरघर होते, धूर वाढतो आणि इंजिन गुदमरल्यासारखं बंद पडतं: पेट्रोल जास्त होतंय. थ्रॉटल देताना क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम उचलतं किंवा बंद पडतं: लो स्पीडला पेट्रोल कमी. आवाज एकसारखा असताना मध्येच एखादा ठोका गळतो, तोही अनियमित: तिथे प्लग, कॉइल, वायर यांच्यावर संशय घ्या.

एक परीक्षा मला फार उपयोगी वाटते. चालू गाडी आयडलला असताना आधी नाकावर तिरपी करा, मग शेपटीवर, मग दोन्ही कुशींवर. चाकं फिरत नाहीत ना हे बघून, सायलेन्सरपासून हात दूर ठेवून. डायफ्राम कार्बोरेटर चेनसॉसारख्या कुठल्याही कोनात चालणाऱ्या यंत्रांसाठी बनला आहे, त्यामुळे आयडलमध्ये फारसा फरक पडता कामा नये. ठरावीक एका बाजूला झुकवल्यावरच रेस बदलत असेल तर टाकीतली नळी, कार्बोरेटरमधला लिव्हर आणि लो सुईचं सेटिंग यांपैकी काहीतरी चुकलंय.

लिंकेज आणि सर्वो

सर्वो म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरच्या हुकमावर थ्रॉटल आणि ब्रेक हलवणारी छोटी मोटर, आणि लिंकेज म्हणजे तिचा दांडा. हे इतकं साधं आहे की राहून जातं. ट्रान्समीटर न्यूट्रलला असताना बटरफ्लायचा हात आयडल स्क्रूला टेकलाच पाहिजे. एअर फिल्टर काढा आणि डोळ्यांनी बघा. सर्वोचा ट्रिम, म्हणजे त्याची न्यूट्रल जागा सरकवणारं सेटिंग, एक-दोन घरं पुढे असेल तर बटरफ्लाय स्क्रूवर न बसता सर्वोच्या दांड्यावर लटकतो. सर्वो न्यूट्रलला किंचित थरथरत असेल तर रेसही त्याबरोबर थरथरते, आणि आपण दोष देतो कार्बोरेटरला. उलट बाजूने, न्यूट्रलला ब्रेक थोडा लागत असेल तर इंजिनावर ओझं येतं.

इथे असतानाच रिसीव्हरचा फेलसेफ तपासा. ट्रान्समीटर बंद केल्यावर सर्वो आयडल आणि ब्रेककडे गेला पाहिजे. थ्रॉटलची परतीची स्प्रिंग जागेवर आहे का तेही बघा. दहा किलोच्या आसपासची गाडी ताब्याबाहेर गेली तर कुणाचाही पाय मोडू शकते, त्यामुळे ही तपासणी मी कधीच टाळत नाही.

क्लचलाही एक मिनिट द्या. क्लचची स्प्रिंग तुटली किंवा ताणली गेली की क्लचचे शूज (घर्षणाचे पट्टे) आयडललाच ड्रमला घासायला लागतात. गाडी जागेवरून सरकते, मग माणूस आयडल स्क्रू खाली करत जातो आणि इंजिन बंद पडायला लागतं. आयडलला स्टँडवर मागची चाकं जोर लावून फिरत असतील तर स्प्रिंग बघा.

पेट्रोल

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडे गेल्या काही वर्षांत या बाबतीत मोठा बदल झाला आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई२०, पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातले सुयांचे आकडे बहुधा या पेट्रोलसाठी लिहिलेले नाहीत.

दोन गोष्टी होतात. पहिली मिश्रणाची. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा पुरेपूर लागते. ई२०ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच सुईवर, त्याच हवेत ई२० घातलं की इंजिन पातळ चालतं. ज्यांची गाडी चार वर्षं बिनतक्रार चालली आणि आता आयडलला कुरकुरते, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन महिनाभर पडून राहिला की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटं होऊन तळाला बसू शकतं. टाकीतली नळी तळाशीच असते, त्यामुळे इंजिनाला पहिल्यांदा तेच मिळतं. शिवाय इथेनॉलने डायफ्राम आणि रबरी नळ्या लवकर कडक होतात किंवा फुगतात.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरीच कळतं. खुणा असलेला काचेचा लांबट मापपात्र घ्या, त्यात २० मिली पाणी आणि १०० मिली पेट्रोल घाला, ऑइल मिसळण्याआधीचं. तोंड बंद करून हलवा, हळूच एकदा वाफ सोडा, आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. तळाचा थर वीसवरून चाळीसच्या जवळपास गेला तर पेट्रोल ई२० आहे. हे बाहेर, विस्तवापासून आणि स्विचपासून लांब करायचं. काही जण अशा रीतीने इथेनॉल धुऊन काढलेलं पेट्रोल गाडीत घालतात. मी तसं करू नका म्हणेन. इथेनॉल गेलं की ऑक्टेन उतरतो, आणि वरच्या पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतो तो वेगळाच.

ऑइल मिसळण्याचं प्रमाण पुस्तकात २५ ला १ असेल तर एका लिटरला ४० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज अचूक आणि स्वस्त आहे. ऑइल जेएएसओ एफडी दर्जाचं घ्या. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांसाठी असतं, हवेने थंड होणाऱ्या आपल्या इंजिनाला ते चालत नाही. आणि ऑइल जास्त घातलं की इंजिन सुरक्षित राहतं, हा समज सोडून द्या. जास्त ऑइल म्हणजे त्याच सुईतून जाणारं पेट्रोल तेवढं कमी.

तर दुरुस्तीची पहिली पायरी: टाकी रिकामी करा, ताजं पेट्रोल, मोजून ऑइल, आणि परत ऐका. बरीच दुखणी इथेच संपतात.

टाकी ते कार्बोरेटर

टाकीच्या झाकणातला किंवा वेंटच्या नळीतला झडपेचा भाग चिकटला की पेट्रोल बाहेर जाताना हवा आत येत नाही. टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिन आठ-दहा मिनिटांनी उपाशी पडतं. ओळखायचं कसं: आयडल बिघडल्यावर टाकीचं झाकण सैल करा. सूं असा आवाज आला आणि इंजिन सुधारलं, तर दोषी वेंट.

टाकीच्या आतली नळी जास्त फसवते. तिच्या टोकाला फिल्टरचं वजन असतं आणि ते पेट्रोलबरोबर हलत राहतं. फिल्टरच्या अगदी वर, जिथे नळी सारखी वाकते, तिथे केसाएवढी चीर पडते. टाकी भरलेली असते तोवर चीर पेट्रोलमध्ये बुडालेली, त्यामुळे काहीच कळत नाही. टाकी निम्म्याखाली आली की चीर उघडी पडते आणि कार्बोरेटरमधला पंप पेट्रोलबरोबर हवा ओढतो. भरलेल्या टाकीवर छान आणि निम्म्या टाकीवर तडफड, असं वागणं दिसलं की दुसरं काही शोधू नका, तारेच्या हुकाने नळी बाहेर काढा आणि बोटांत वाकवून इंच-इंच बघा. बाहेरच्या पारदर्शक नळीत एकामागून एक बुडबुडे येत असतील तर तेही याच रोगाचं लक्षण.

प्लग आणि करंट

प्लग काढा. सिरॅमिकचा रंग चॉकलेटी-बदामी असेल तर ठीक. पांढराफटक म्हणजे पातळ, काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल जास्त. पण लक्षात ठेवा, बराच वेळ आयडलला चालवून काढलेला प्लग काळपट दिसणारच. रंग वाचायचा असेल तर एक दमदार फेरी मारा, वेगातच किल स्विच दाबा आणि मग प्लग काढा.

या इंजिनांत एनजीकेचा सीएमआर७एच सर्रास असतो. गॅप ०.६ ते ०.७ मिमी. जास्त झाला तर आयडलला ठोके गळतात. खरं तर नवा प्लग हा सगळ्यात स्वस्त तपास आहे. मी पेटीत एक कायम ठेवतो आणि शंका आली की आधी बदलून बघतो.

ठिणगी बघताना प्लगचं धातूचं अंग सिलिंडरला नीट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. फ्लायव्हील आणि कॉइल यांच्यातलं अंतर ०.३ मिमीच्या आसपास लागतं. एक साधं व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालायचं, फ्लायव्हीलचं चुंबक कॉइलसमोर आणायचं, चुंबकाने कॉइल ओढून घेतली की स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढायचं.

किल स्विचची वायर चेसिसवर घासून सोलली जाते आणि धक्क्याबरोबर मध्येच शॉर्ट होते. तपासण्यासाठी ती वायर काही मिनिटांपुरती सोडवून ठेवा. बंद करायला चोक आहेच. मिसिंग गेलं तर वायर बदला.

हवेची गळती

माझ्या इंजिनाचा पिस्टन ज्याने घेतला ती जागा ही. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मध्ये काळ्या प्लॅस्टिकचा एक ठोकळा असतो, इन्सुलेटर. तो सिलिंडरची उष्णता कार्बोरेटरपर्यंत जाऊ देत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना पॅकिंग. या ठोकळ्याचे स्क्रू कंपनांनी सैल होतात, आणि ते कार्बोरेटरच्या आड लपलेले असल्यामुळे कार्बोरेटर काढल्याशिवाय दिसत नाहीत. बाहेरून कार्बोरेटर धरून हलवला तर घट्टच वाटतो. माझा वाटत होता.

कार्बोरेटर काढा, ॲलन कीने ठोकळ्याचे स्क्रू बघा. एक तरी पाव फेरा फिरला तर इथेच बराच उलगडा झाला. स्क्रू बाहेर काढून, आटे पुसून, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावून परत बसवा. ठोकळा सरळ काचेवर घासून बघा. उष्णतेने वाकडा झाला असेल तर डुगडुगतो. पॅकिंग नवीनच घाला.

पॅकिंग बसवताना एका छोट्या भोकाकडे लक्ष द्या. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यातला, दाब आणि ओढ यांचे ठोके त्या भोकातून कार्बोरेटरपर्यंत जातात, आणि त्याच ठोक्यांवर पेट्रोलचा पंप चालतो. पॅकिंग उलटं बसलं की भोक झाकलं जातं. मग इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं आणि माणूस सुया फिरवत बसतो.

एवढं करूनही रेस झोके घेत असेल तर क्रँककेस दाबून बघायला हवा. यासाठी मी बाबांचं जुनं, हाताने फुगवायचं बीपीचं यंत्र वापरतो. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.४ बार, नेमका या कामाला लागतो तेवढाच दाब. दंडाला गुंडाळायचा पट्टा काढून टाकला की उरतात रबरी फुगा, काटा आणि नळी.

इंजिन थंड असू द्या. सायलेन्सर काढा, एक्झॉस्टच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा आणि त्यावर पत्र्याची पट्टी ठेवून स्क्रूंनी आवळा. कार्बोरेटर काढून इन्सुलेटर जागेवर ठेवा आणि त्याच्या तोंडावर तसाच रबर-पत्रा बसवा, मात्र मधोमध नळी घट्ट बसेल एवढं भोक पाडून. पंपाचं छोटं भोक रबराने झाकलं जायला हवं. प्लग लावलेला. पिस्टन वरच्या टोकाला आणा, म्हणजे इनटेकचं पोर्ट क्रँककेसमध्ये उघडतं. आता फुगा दाबत काटा २५० ते ३०० पर्यंत न्या आणि हात थांबवा. काटा अर्धा-एक मिनिट जवळपास स्थिर राहायला हवा. घसरत असेल तर पातळ साबणाचं पाणी ब्रशने लावा: इन्सुलेटरच्या कडा, सिलिंडरचा पाया, क्रँककेसचा जोड, प्लगचा पाया, आणि क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील. एक सील फ्लायव्हीलच्या मागे आणि दुसरी क्लचच्या मागे असते, त्यामुळे तिथे पोचायला खोलाखोल करावी लागते. आधी तुमच्याच रबर-पत्र्याच्या कडा तपासा. माझी पहिली गळती तिथेच निघाली होती.

सीलबद्दल एक सांगायला हवं. आतून दाब दिला की सीलचा ओठ काही वेळा शाफ्टवर आणखी घट्ट बसतो आणि गळती लपते. इंजिन चालताना क्रँककेस आळीपाळीने हवा ओढतंही, आणि गळती तेव्हा होते. शक्य असेल तर हाताच्या व्हॅक्यूम पंपाने उलटी परीक्षाही घ्या. चालू इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून रेस बदलते का बघायची पद्धत प्रचलित आहे. तापलेला सायलेन्सर तिथून वीतभर अंतरावर असतो. मी ती वापरत नाही, कुणाला सांगतही नाही.

एअर फिल्टर आणि सायलेन्सर

फिल्टरचा फोम धुळीने आणि जुन्या तेलाने चोंदला की आयडलला पेट्रोल जास्त पडतं. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल लावून पिळा. सुका फोम आपल्याकडची पिठासारखी बारीक धूळ अडवत नाही. सायलेन्सरचं तोंड काजळीने अरुंद झालं असेल तर खरवडा.

कार्बोरेटर उघडणं

साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतं, पण स्वच्छ पांढऱ्या कापडावर, आणि प्रत्येक थराचा फोटो घेत. कार्बोरेटरच्या अंगावर मॉडेलचा क्रमांक ठोकलेला असतो. डायफ्राम-पॅकिंगचं किट मागताना तोच सांगा.

एका झाकणाखाली पंपाचा डायफ्राम, तिथेच पेट्रोल येण्याच्या वाटेवर नखाएवढी जाळी. ती जाळी भुसा अडकून पिवळी पडलेली असते, आणि नळीतलं फिल्टर नवं असलं तरी ती चोंदते. दुसऱ्या झाकणाखाली मीटरिंग डायफ्राम. तो बोटावर ठेवा. चांगला डायफ्राम ओल्या केळीच्या सालीसारखा लोंबतो. जुना झालेला पापडासारखा ताठ राहतो आणि दाबला की कुरकुरतो. ताठ डायफ्रामला आयडलची नाजूक ओढ जाणवतच नाही. तो लिव्हर वेळेवर दाबत नाही, आणि पेट्रोल येतं ते धसक्या-धसक्याने. रेस झोके घेण्याचं हे दुसरं मोठं कारण. त्याला सुईचा इलाज नाही, किटच बदलायचं.

त्या डायफ्रामखाली छोटा लिव्हर आहे, सुईची झडप उघडणारा. वॉलब्रोच्या डब्ल्यूटी मालिकेत त्याचं टोक पॅकिंग बसते त्या पातळीपेक्षा सुमारे १.६५ मिमी खाली असावं लागतं. जास्त वर असेल तर झडप नीट मिटत नाही, पेट्रोल झिरपत राहतं आणि इंजिन आयडलला गुदमरतं. खूप खाली असेल तर उपाशी. वाकवताना सुईवर जोर येऊ देऊ नका.

बसवताना क्रम असा: मीटरिंगच्या बाजूला आधी पॅकिंग, मग डायफ्राम, पंपाच्या बाजूला आधी डायफ्राम, मग पॅकिंग. कार्ब क्लीनर मारायचा तर दोन्ही डायफ्राम आणि सुया बाहेर काढूनच, आणि कंप्रेसरची हवा मधल्या मोठ्या नोझलवर थेट मारू नका, आत पातळ झडप असते.

आता सुया

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच. एल ही लो स्पीडची, एच ही हाय स्पीडची, आणि तिसरा तो आयडल स्क्रू, जो फक्त बटरफ्लाय किती उघडा राहील ते ठरवतो. सुई घड्याळाच्या दिशेने फिरवली की पेट्रोल कमी, उलट फिरवली की जास्त.

दोन्ही सुया हलक्या हाताने पूर्ण बंद करा. टेकली की थांबा. जोर लावला तर सुईच्या टोकावर कडं उमटतं आणि मग ती कधीच नीट बसत नाही. तिथून एल सव्वा फेरा आणि एच दीड फेरा उघडा. तुमच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो घ्या. ई२० वापरत असाल तर दोन्ही एक अष्टमांश फेरा जास्त उघडून सुरुवात करा.

तापलेल्या इंजिनावर एल अगदी हळू, एका वेळी एक षोडशांश फेरा, आत न्या. रेस चढत जाईल आणि एका जागी शिखर गाठून डळमळायला लागेल. त्या शिखरापासून एक अष्टमांश फेरा बाहेर या. आता रेस जास्त वाटली तर आयडल स्क्रूने उतरवा, एलने नव्हे. क्लच पकडणार नाही एवढी रेस हवी. या इंजिनांत ती साधारण ३,००० ते ४,००० आरपीएममध्ये बसते.

इथली नेहमीची चूक म्हणजे एल पातळ असताना आयडल स्क्रू आवळून रेस टिकवणं. तसं केलं की बटरफ्लाय इतका उघडतो की आयडलच्या छिद्राच्या पुढची, थ्रॉटल देताना लागणारी छिद्रंही उघडी पडतात. मग एल फिरवून काहीच फरक पडत नाही. असं झालं तर स्क्रू सैल करा आणि पहिल्यापासून या.

अर्धा मिनिट आयडलला ठेवून एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. क्षणभर मुकं झालं तर एल थोडी उघडा. घरघरत, धूर टाकत उचललं तर थोडी मिटा. मग मैदानात एच: पूर्ण वेगात आवाज अगदी स्वच्छ, टोकदार होईपर्यंत मिटवायची आणि तिथून थोडी उघडायची, म्हणजे आवाजात हलकी खरखर राहील. ती खरखर म्हणजे पिस्टनला मिळणारं जास्तीचं ऑइल, ती घालवायचा मोह टाळा. एच हलवली की एल परत तपासा, दोघी एकमेकींवर परिणाम करतात.

मी वहीत दर वेळी लिहितो: तारीख, जागा, तापमान, पेट्रोल, सुयांचे फेरे. पुण्यात लावलेलं सेटिंग महाबळेश्वरच्या उंचीवर पेट्रोल जास्त दाखवतं, कारण वर हवा विरळ असते. तेच सेटिंग घेऊन कोकणात किनाऱ्यावर उतरलात तर सुया किंचित उघडाव्या लागतात. डिसेंबरच्या पहाटे थंड, दाट हवेत पातळ पडणारं इंजिन मे महिन्यात त्याच सुईवर घरघरतं. वही असली की हा फरक रोगातून वेगळा काढता येतो: हवेमुळे झालेला बदल एक अष्टमांश फेऱ्यात आटोक्यात येतो. अर्धा फेरा फिरवूनही आयडल टिकत नसेल तर सुई जागेवर आणा आणि पुन्हा इन्सुलेटरच्या स्क्रूंपासून सुरुवात करा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर टाकी ओतून रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलला चालू द्या. पावसाळ्याआधी तर नक्की. प्लग काढून थेंबभर टू-टी ऑइल आत सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत लावा, आणि एअर फिल्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवा.